ऑफर लेटरमधली एक ओळ

मार्च २०२० मध्ये हिंजवडीची कार्यालयं बघता बघता ओस पडली आणि काम सातारा, लातूर, चिपळूणच्या घरांत पोचलं. पुढे ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसने पुन्हा आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावलं. इतर कंपन्यांतही तसंच वारं वाहू लागलं. तोवर अनेकांनी गावी बस्तान हलवलं होतं, मुलांच्या शाळा बदलल्या होत्या, आईवडिलांच्या औषधपाण्याची घडी बसवली होती.

म्हणून नवी नोकरी शोधणाऱ्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे: घरून कामाचं पगाराइतकंच स्पष्ट बोला. पहिल्या फोनवर घाई नको. निवड पक्की झाल्यावर, पण हातातल्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी बोला. आपल्याकडे नोटीस पीरियड तीन-तीन महिन्यांचा असतो. राजीनामा गेला की तुमचं पारडं हलकं होतं. आठवड्यातले किती दिवस घरून, कामाचं ठिकाण म्हणून कोणतं शहर, व्यवस्था बदलायची झाल्यास किती मुदत, हे ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. 'कंपनीच्या धोरणानुसार' एवढंच असेल, तर धोरण उद्या बदलू शकतं. एचआरने तोंडी दिलेला शब्द तेव्हा कोण आठवणार?

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, परस्पर संमतीने घरून काम करण्याची वाट खुली केली. ही संमती आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. मुलाखतीत हा विषय काढला तर संधी जाईल, या भीतीने कित्येक मुली गप्प राहतात. ही भीती घालवण्याची पहिली जबाबदारी नोकरी देणाऱ्यांची आहे.