गळकी होडी आणि सिलिकॉनची नळी

आमच्या मिनेसोटात तळी दहा हजारांच्या वर, आणि त्या हिशोबात जुन्या अल्युमिनियमच्या होड्याही भरपूर. चौदा फुटी, रिव्हेट मारलेली, तीस-चाळीस वर्षं वापरलेली होडी ट्रेलरसकट स्वस्तात मिळते. स्वस्त का, तर बहुतेक वेळा ती गळते म्हणून. इथवर ठीक आहे. पण ती घरी आणल्यावर आपली देशी मंडळी जे करतात त्यावर आज जरा बोलायचंय.

दोनच प्रकार दिसतात. पहिला म्हणतो, "विकून टाक रे, नवीन घे, वीकेंड कशाला वाया घालवतोस?" दुसरा बाथरूमच्या फटी भरायच्या सिलिकॉनची नळी आणतो आणि आतून जिथे रिव्हेट दिसेल तिथे थापत सुटतो. पहिल्याला माफ. त्याचे पैसे, त्याची मर्जी. दुसऱ्याला मात्र नाही, कारण तो पुढच्या माणसाचंही काम बिघडवून ठेवतो. सिलिकॉन आज ना उद्या सुटतं, पण पूर्ण निघत कधीच नाही. त्याचा जो बुळबुळीत अंश पत्र्यावर उरतो त्यावर इपॉक्सी धरत नाही, रंग धरत नाही, इतकंच काय नवीन सिलिकॉनही धरत नाही!

मुळात गळतंय काय ते बघा ना. या होड्या विमानासारख्या बांधलेल्या असतात (ग्रुमन या विमानं बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर अशाच रिव्हेटवाल्या कनू विकल्या). ट्रेलरवरचे धक्के, लाटा, इंजिनाची थरथर, यांनी रिव्हेट सैल होतो आणि भोकाच्या कडेने पाणी आत येतं. म्हणजे बिघाड यांत्रिक आहे, आणि आपण त्यावर मलम लावतोय. आपल्या धंद्यात यालाच एक्सेप्शन गिळून टाकणं म्हणतात. तळात ऑटोमॅटिक पंप बसवून "आता प्रॉब्लेम नाही" म्हणणारे तर त्याहून थोर. बॅटरी उतरली की कळतं प्रॉब्लेम कुठे होता ते.

आधी गळती शोधा. होडी ट्रेलरवरच ठेवा, खालून लाकडी ठोकळ्यांचे टेकू द्या आणि आत पाणी भरा. बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण. तळाच्या आडव्या पट्ट्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी पुरे. एका लिटरचं वजन एक किलो, त्यामुळे उत्साहाच्या भरात काठोकाठ भरलीत तर ट्रेलर आणि पत्रा दोन्ही वाकतील. शंभर रिव्हेटांतले गळणारे पाच-सातच निघतात बहुधा. उरलेल्यांना हात लावू नका.

मग दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडीचे नेमके दोन-चार ठोके द्यायचे. रिव्हेट पुन्हा फुगून भोक भरतो. खर्च शून्य. भोकच लांबट झालं असेल तर जुना रिव्हेट ड्रिलने काढून एक माप मोठा घालावा लागतो. साधा पॉप रिव्हेट घालू नका, तो मधून पोकळ असतो, पाणी त्यातूनच येईल. आतल्या बाजूला पोचता येत नसेल तर बंद टोकाचा घ्या, आणि त्याची मधली खीळही अल्युमिनियमची असू द्या.

हे धातूचं प्रकरण कोणी मनावर घेत नाही. स्टीलचा स्क्रू अल्युमिनियममध्ये ठोकला आणि ओल लागली की झिजतं ते अल्युमिनियम, विशेषतः खाऱ्या पाण्यात. मागच्या फळीसाठी अंगणातल्या डेकचं उरलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड वापरणारे महाभागही पाहिलेत. त्या लाकडात तांबं असतं. तांबं आणि अल्युमिनियम एकमेकांना टेकवून ओलं ठेवणं म्हणजे होडीला भोकं पाडायची बॅटरीच झाली :)

सीलंटला माझा विरोध नाही, त्याचा नंबर शेवटचा एवढंच. पत्र्यांचे जोड ठोकता येत नाहीत, तिथे मरीन इपॉक्सी हवंच. पण पत्रा घासल्या घासल्या त्यावर ऑक्साइडचा थर परत चढायला लागतो, म्हणून इपॉक्सीचा पातळ हात देऊन ते ओलं असतानाच त्यातून सँडपेपर घासायचा. जुन्या तड्यांची गोष्ट वेगळी. तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडून तो थांबवायचा, वर पत्र्याचा तुकडा रिव्हेट करायचा. जागोजागी तडे असतील तर मात्र खुशाल भंगारात द्या. अशा होडीत मुलांना बसवण्याची काटकसर नको.

हे सगळं साठेक डॉलरच्या आत आणि दोन शनिवारांत होतं. तरी लोक करत नाहीत, आणि पैसा-वेळ ही कारणं मला पटत नाहीत. हातोडी धरणं हे आपलं काम नाही, असं आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलेलं असतं. 'अभ्यास कर, नाहीतर गॅरेजमध्ये जावं लागेल' हे किती जणांनी ऐकलंय? त्यामुळे आपल्याकडे एकतर नवीन वस्तू असते, नाहीतर जुगाड. मधली जी नीट दुरुस्ती, ती करणारा माणूस आपल्याला आपल्यातला वाटतच नाही.

असो. इपॉक्सी थंडीत नीट घट्ट होत नाही, तेव्हा काम बर्फ वितळल्यावरच काढा. आणि पाण्यात उतरवताना आधी मागचा ड्रेन प्लग लावलाय का बघा, त्याचं रबर फाटलेलं नाही ना तेही बघा. काही 'गळक्या' होड्या तिथेच दुरुस्त होतात.