चौक कोणासाठीं?

आठवड्याच्या बाजाराचे दिवशीं गांवच्या चौकांत काय दृश्य दिसतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. डाव्या अंगास मालमोटारी माल उतरवीत उभ्या, उजव्या अंगास खुद्द दुकानदारांच्याच दुचाक्या, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेनें डोक्यावर पाटी घेतलेली बाई, काठी टेकणारा म्हातारा व शाळेचीं पोरें जीव मुठींत धरून चाललेलीं! सन २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत ३२,८२५ पादचारी मृत्यु पावले, असें केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो.

उपाय सुचवितांच व्यापारी मंडळी म्हणतात, 'गाडी अडली कीं गिऱ्हाईक तुटलें.' माथेरानास मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. म्हणून तेथील बाजारपेठ ओस पडली आहे काय? थंड हवेच्या ठिकाणाची गोष्ट निराळी, हें आम्ही जाणतों. परंतु आपल्या बाजारांतील गिऱ्हाईक तरी कोण? ती पाटीवाली आणि तो म्हाताराच ना?

रस्त्यावरील अडथळे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस १९५८ च्या अधिनियमाच्या ५३ व्या कलमानें दिलेलाच आहे. तो बजावला जात नाहीं, याचें कारण बहुधा मतांचें भय. माल सकाळीं आठाच्या आंत उतरवावा, मोटारी गांवाबाहेरील मोकळ्या जागेंत उभ्या कराव्या, आणि सर्वांआधीं दुकानदारांनीं आपापल्या दुचाक्या दारांतून हलवाव्या. या शेवटच्या कामास पंचायतीच्या नोटिशीची वाट पाहण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं.