शंभर टक्क्यांच्या बाहेरचे

उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे नेमका तोच काळ कपाशी-सोयाबीनच्या पेरणीचा. शाळेच्या फलकावर दहावीचा निकाल झळकतो, गुणवंतांचे सत्कार होतात. हा आनंद रास्तच आहे. परंतु निकालाची टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांवरून काढली जाते. नववीतच दप्तर टाकून ज्याने शेताची वाट धरली, तो त्या हिशेबात कोठेच नसतो. मग निकाल शंभर टक्के का लागेना! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्रही चौदाव्या वर्षापर्यंतच. पुढे एक आधार केंद्राच्या आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचा. तिची परीक्षा आठवीत द्यावयाची. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळावयाचे. मजुरीपुढे ही रक्कम तुटपुंजी खरी. तथापि एखाद्या मुलीला शाळेत ठेवावे की नाही, या घरातल्या वादात तेवढीही तिच्या बाजूने उभी राहू शकते. सत्कार आटोपल्यावर मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांच्या हाती आणखी एक यादी द्यावी: गतवर्षी आठवीत असलेल्या, पण यंदा नववीच्या हजेरीपटावर नसलेल्या मुलामुलींची. पेरणी उरकताच त्यांच्या घरी जाता येईल.