सूचना देणारा आणि सूचना घेणारा

दोष दाखविणारा मनुष्य मिळणें कठीण, असें आपण नेहमीं म्हणतों. आमच्या मतें त्याहूनही कठीण गोष्ट दुसरीच आहे. दाखविलेला दोष कोणी तरी आपला म्हणून पदरीं घ्यावा लागतो, आणि तेथेंच बहुधा घोडें पेंड खातें. अमेरिकेंतील अणुवीजकेंद्रांच्या इतिहासांत याचें एक बोधप्रद उदाहरण आहे. तें आज वाचकांपुढें ठेवितों.

ओहायो राज्यांतील डेव्हिस-बेसी केंद्रांत ता. २४ सप्टेंबर १९७७ रोजीं, अणुभट्टीचा दाब राखणाऱ्या पात्राच्या माथ्यावरील एक झडप उघडली ती मिटेना. भट्टीचें पाणी त्या वाटेनें जाऊं लागलें, व आणीबाणीचे पंप आपोआप सुरू होऊन नवें पाणी आंत घालूं लागले. परंतु त्या पात्रांतील पातळी मात्र चढतांना दिसे. कारण दाब उतरल्यामुळें इतरत्र पाण्याची वाफ होऊन ती उरलेलें पाणी वर लोटीत होती. चालकांस वाटलें, पाणी फार झालें. म्हणून त्यांनीं पंप बंद केले. सुदैवानें भट्टी तेव्हां पूर्ण शक्तीच्या सुमारें ९ टक्केच चालत होती, आणि वीसएक मिनिटांत खरें कारण उमगून ती वाट बंद करण्यांत आली. हानि झाली नाहीं.

प्रसंग निभावला, तरी भट्टी बनविणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनींतील बर्ट डन या इंजिनियरास चैन पडेना. फेब्रुवारी १९७८ मध्यें त्यांनीं लेखी कळविलें कीं, हेंच पूर्ण शक्तीवर घडतें तर इंधन उघडें पडून त्याची नासाडी होण्याचा संभव होता. तरी पाणी उकळण्याच्या मर्यादेच्या पुरेसें खालीं आहे अशी खात्री पटेपर्यंत पंप बंद करूं नयेत, अशी ताकीद चालकांस द्यावी. याहून स्पष्ट सूचना ती कोणती? पण कंपनीच्याच दुसऱ्या खात्यानें शंका काढिली कीं, सगळें यंत्र पाण्यानें भरून गेल्यास वेगळा अपाय तर होणार नाहीं ना? शंका रास्त होती. परंतु तिचें निरसन लांबत गेलें, आणि चालकांपर्यंत कांहींच पोहोंचलें नाहीं.

ता. २८ मार्च १९७९ च्या पहांटे पेनसिल्व्हेनियांतील थ्री माईल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या भट्टीवर तशीच झडप उघडी राहिली. ही भट्टीही त्याच कंपनीची, आणि चालत होती जवळजवळ पूर्ण शक्तीवर. नियंत्रणकक्षांतील दिवा, झडपेस मिटण्याचा हुकूम गेला एवढेंच सांगे. ती खरोखर मिटली कीं नाहीं, हें सांगत नसे. येथेंही चालकांनीं पातळी पाहून पाणी कमी केलें. ती वाट बंद होईपर्यंत सव्वादोन तासांहून अधिक वेळ गेला, आणि भट्टीचा सुमारें अर्धा गाभा वितळला. ती भट्टी पुन्हां कधींच चालली नाहीं. चौकशीस बसलेल्या केमेनी आयोगानें मागील प्रसंगाचा बोध चालकांपर्यंत न पोहोंचल्याबद्दल कंपनीस व सरकारी नियामकांसही दोष दिला. १९७९ च्या अखेरीस तेथील वीजकंपन्यांनीं एकमेकींचे अनुभव गोळा करून सर्वांस कळविणारी संस्था स्थापिली.

विदुरानें धृतराष्ट्रास रात्रभर हिताच्या गोष्टी सांगितल्या. धृतराष्ट्रानें त्या आदरानें ऐकिल्या, त्यास त्या पटल्याही. केलें मात्र कांहीं नाहीं. आपण विदुराची स्तुति करतों तें योग्यच. पण त्या कथेंत विचार करण्याजोगें वर्तन धृतराष्ट्राचें आहे.

आपल्या मोठ्या कुटुंबांतूनही हेंच घडतें. धाकट्या सुनेस गॅसचा वास येतो. ती जावेस सांगते, जाऊ सासूबाईंस, सासूबाई मुलास. प्रत्येकानें सांगितलेलें असतें, आणि नळी तशीच असते! म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, ज्या वडील माणसाच्या कानीं दोष पडेल त्यानें तो कोणीं व केव्हां पाहावयाचा हें तत्क्षणीं ठरवावें, शंका असल्यास ती फिटेपर्यंत सावधगिरीचाच मार्ग धरावा, आणि काय केलें तें सांगणाऱ्यास परत कळवावें. तें उत्तर मिळेपर्यंत सूचना पोहोंचली असें घरांत कोणींही समजूं नये.