कोअर कोपऱ्यात, खिडकी उघडी

फ्रँकफर्टच्या कॉमर्झबँक टॉवरचा विषय निघाला की गाडी उंचीवरच अडते. 259 मीटर, 56 मजले. 1997 साली बांधून झाला तेव्हा युरोपातली सर्वांत उंच इमारत. तो मान केव्हाच गेला. प्लॅन मात्र आजही समोर घेऊन बसावा असा आहे.

ऑफिस टॉवरमध्ये लिफ्ट, जिने, डक्ट असा सगळा पसारा, म्हणजे कोअर, सहसा मधोमध असतो. नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने तो त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत नेला आणि मध्ये उभं आट्रियम मोकळं सोडलं. मजल्याच्या दोन बाजूंना ऑफिसं, तिसरी बागेला. बाग चार मजली उंचीची. अशा नऊ बागा आट्रियमभोवती वळसे घेत वर चढतात. आतल्या अंगाला बसलेल्या कर्मचाऱ्यालाही त्यामुळे उजेड आणि झाडं दिसतात.

बागांच्या डोक्यावर ऑफिसं तोलायची आणि मध्ये कॉलम नको, हा पेच अरुपच्या अभियंत्यांनी आठ मजली व्हिएरेंडील फ्रेम वापरून सोडवला. या फ्रेमला तिरके आधार नसतात, म्हणून खिडक्याही अडत नाहीत. सलग आट्रियममध्ये धूर आणि वारा सुसाट वर जातील. ते टाळायला दर बारा मजल्यांवर काचेचा आडपडदा आहे.

आणि खिडकी चक्क उघडते! बाहेरची काच वारा-पाऊस झेलते, फटींतून हवा पोकळीत येते, ऊन अडवणाऱ्या पट्ट्याही त्याच पोकळीत. आतली झडप मोटरवर चालते. बाहेरचं हवामान बिघडलं की इमारतीची नियंत्रण यंत्रणा (बीएमएस) खिडक्या बंद करून यांत्रिक वायुवीजन सुरू करते. मुंबईच्या दमट हवेत हेच गणित जसंच्या तसं सुटणार नाही, हे उघड आहे.

नऊ बागा म्हणजे भाड्याला न जाणारी जागा. बँक स्वतःसाठी बांधत होती, म्हणून तिला ते परवडलं. विकायला बांधणारा विकसक पहिल्याच बैठकीत कार्पेट एरिया विचारतो. तरी असे टॉवर होत नाहीत याचा सगळा दोष त्याच्या माथी मारणं सोयीचं आहे, खरं नाही. कोअरची जागा पहिल्या स्केचमध्येच पक्की होते आणि वातानुकूलनाचा सल्लागार बहुतेक ठिकाणी त्यानंतर बोलावला जातो. तोवर त्याच्या हाती चिलर किती टनांचा, एवढाच प्रश्न उरलेला असतो.