पहिलं काम फुकट का करायचं?

‘पहिली पाच-सहा कामं पाच-पाच डॉलरला करा. वेळ पडली तर फुकट करा. एकदा पाच ताऱ्यांचे शेरे जमा झाले की भाव आपोआप वाढतो.’ अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर अशा कामाच्या ऑनलाइन बाजारात उतरू पाहणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींना सध्या हा एकच मंत्र दिला जातोय. तो देणाऱ्या एका गृहस्थांना तर हल्ली कॉलेजांपासून धुळ्याच्या देवपुरातल्या अभ्यासिकांपर्यंत सगळीकडून बोलावणं असतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नोकऱ्या पुण्याला, पुण्याचं खोलीभाडं परवडत नाही, तेव्हा लॅपटॉप उघडा, प्रोफाइल टाका, सगळ्यांत कमी बोली लावा, रात्री जागा, सहा महिन्यांत डॉलर यायला लागतील. भांडवल लागत नाही, इंग्रजी लागत नाही, ओळख लागत नाही. लागते ती फक्त भूक. ज्याला जमलं नाही, त्याची भूक कमी पडली.

या शेवटच्या वाक्याचा मला संताप येतो. सल्ला चुकला तर दोष सल्ला घेणाऱ्याचा, अशी सोय ज्यात आधीच करून ठेवलेली आहे, तो सल्ला कधीच खोटा पाडता येत नाही.

हा बाजार खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः त्यातून कामं घेतो. जळगावात बसून कॅनडातल्या माणसाचं काम करता येतं आणि त्याचे पैसे इथल्या बँकेत जमा होतात, ही आपल्या भागासाठी मोठी गोष्ट आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक ‘ऑनलाइन लेबर इंडेक्स’ नावाची जी मोजणी करतात, तिच्यात अशा कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठादार देश भारतच दिसतो. माझं भांडण आहे ते फक्त आत शिरण्याच्या दाराशी, आणि त्या दारात उभं राहून पोरांना वाकून आत जायला सांगणाऱ्यांशी.

भांडवल लागत नाही म्हणता? अपवर्कवर अर्ज करायला ‘कनेक्ट’ खर्च करावे लागतात. फुकटचे थोडे मिळतात, ते संपले की एक कनेक्ट १५ सेंटला विकत. एका अर्जाला १२ कनेक्ट धरले तर १ डॉलर ८० सेंट. असे वीस अर्ज म्हणजे ३६ डॉलर, म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर, आणि तेही एकही उत्तर न येता. इंग्रजी लागत नाही, हे तर वक्त्यांनी आपल्याच गिऱ्हाइकाला मराठीत पत्र लिहून सिद्ध करावं. आणि रात्री जागायचं कशाला? न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा धुळ्यात संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. दिवसभर इथे नीट काम केलं तर तिथला माणूस सकाळी कॉम्प्युटर उघडतो तेव्हा फाइल त्याच्यासमोर असते. वेळेतला हा फरक आपल्या फायद्याचा आहे.

आता मुख्य मुद्दा. स्वस्तात सुरुवात केली की भाव पुढे आपोआप वाढतो, हे साफ खोटं आहे.

रावेर, यावल, सावद्याच्या केळी उत्पादकाला हे मी समजावून सांगायची गरज नाही. बोर्डावर जाहीर झालेल्या भावापेक्षा कमी भावाने एकाने माल दिला की दुसऱ्या दिवशी व्यापारी शेजारच्याकडे तोच आकडा घेऊन येतो. ‘या खेपेला कमी घे, पुढच्या खेपेला भरून काढू’ हे वाक्य किती पिढ्यांनी ऐकलंय! ती पुढची खेप आली का, हे त्यांनाच विचारा.

ऑनलाइन बाजारात तर हे आणखी उघड्यावर होतं, कारण तिथे तुमचा इतिहास पुसला जात नाही. अपवर्कच्या प्रोफाइलवर झालेल्या कामांची यादी असते आणि कामाखाली मिळालेली रक्कमही दिसते. पाच कामं पाच डॉलरला केलीत, तर सहावं गिऱ्हाईक नुसते तारे बघत नाही, ते आकडेही बघतं. पन्नास डॉलर मागायला जाल तेव्हा ‘त्याला पाचला दिलंस, मला पन्नासला का?’ हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलेला असतो. तो विचारायच्या भानगडीत पडत नाही, दुसरीकडे जातो. वक्त्यांनी जी शिडी म्हणून दाखवली, तीच तुमच्या भावावरची मर्यादा होऊन बसते.

शिवाय पाच तारे म्हणजे समाधान, असंही नाही. काम संपल्यावर गिऱ्हाईक उघड शेरा देतं, तसंच अपवर्कला खासगीत वेगळा शेराही देतं. तो काम करणाऱ्याला दिसत नाही, पण ‘जॉब सक्सेस स्कोअर’ हा यशाचा टक्का काढताना धरला जातो. म्हणजे समोर पाच तारे चमकत असताना मागे टक्का घसरलेला असू शकतो. स्वस्तात काम घेणारा माणूस समाधानी असतो, हा शोध कोणी लावला? ज्याला पाच डॉलरच द्यायचे आहेत, त्याला नेमकं काय हवंय हे बहुतेक वेळा त्याचं त्यालाच ठरवायचं नसतं. ते ठरवण्याचं काम तो तुमच्याकडून करून घेतो, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या मागून.

धुळ्यात साक्री रोडला राहणारी एक मुलगी मध्यंतरी असंच काम घेऊन माझ्याकडे आली होती. खोट्या दागिन्यांचे चाळीस फोटो, मागची पार्श्वभूमी काढून पांढरी करायची, सगळ्याचे मिळून पाच डॉलर. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर गळ्यातला एक हार तीनशे टक्के मोठा केलेला. त्यातली प्रत्येक कडी पेन टूलने बाहेरून आखायची, मग कडीच्या आतली पोकळी वेगळी आखायची, कारण आतूनही मागचं कापड दिसतं. खड्यात कापडाचा लाल रंग उतरलेला, तो काढायचा. पण काढताना खड्याची चमक मरता कामा नये. खाली सावली ठेवायची, नाहीतर हार हवेत तरंगल्यासारखा वाटतो. एका फोटोला पंधरा मिनिटं धरली तरी चाळीस फोटोंचे दहा तास. कमिशन कापून हातात चार डॉलर, साधारण साडेतीनशे रुपये. ताशी पस्तीस. आणि ते दहा तास संपल्यावर निरोप आला होता की सावल्या जरा ‘नैसर्गिक’ करून द्या, सगळ्या.

ती मला म्हणाली, “भाऊ, पैसे नाही मिळाले तरी शेरा तर मिळेल ना?”

मला राग त्या गिऱ्हाइकाचा आला नाही. हे वाक्य तिच्या तोंडात ज्यांनी घातलं त्यांचा आला. तिचा हात उत्तम होता. कडीन् कडी स्वच्छ कापलेली होती. हे कसब असलेल्या माणसाला ताशी पस्तीस रुपयांवर बसवून वर ‘भूक ठेव’ असं सांगणं, याला मार्गदर्शन म्हणायची माझी तयारी नाही. अहो, ज्या कंपन्यांचा हा बाजार आहे, त्यांनासुद्धा कुठेतरी थांबावंसं वाटलं. पुढे अपवर्क झालेल्या कंपनीने २०१४ साली ताशी ३ डॉलरची किमान मर्यादा घातली. बाजाराच्या मालकाने घातलेली ही मर्यादा आमचे मार्गदर्शक मात्र ‘फुकट करा’ म्हणत ओलांडायला लावतात.

त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ते कधीच देत नाहीत, म्हणून मीच देतो. अमांडा पॅले नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अशाच एका बाजारात ९५२ कामगार चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले, त्यांना छोटी कामं दिली आणि नंतर त्यांचं काय झालं ते तपासलं. २०१४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये ते प्रसिद्ध झालं. निष्कर्ष स्पष्ट होता: ज्यांना ते पहिलं काम आणि शेरा मिळाला, त्यांना पुढे जास्त कामं मिळाली. म्हणजे पहिला शेरा महत्त्वाचा आहे, हे मान्य. पण पुढचं वाचा. त्या कामगारांनी फुकट काम केलं नव्हतं. कामाचा मोबदला त्यांना दिला होता. आणि काहींना नुसते त्रोटक शेरे मिळाले, काहींना सविस्तर. सविस्तर शेऱ्यांनी जास्त फरक पडला. म्हणजे उपयोग झाला तो ग्वाहीचा, स्वस्ताईचा नव्हे. पाच डॉलरवालं गिऱ्हाईक ‘गुड जॉब’ लिहून निघून जातं. ते सविस्तर काय लिहिणार?

आणि ती खालची पायरी आता उरलीय तरी का? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, चित्रं काढणारी यंत्रं तर त्याच्या थोडी आधीच आली होती. साधा मजकूर लिहिणं, ढोबळ भाषांतर, सोपी पार्श्वभूमी काढणं, ही नवख्यांची कामं गिऱ्हाईक आता स्वतःच उरकतं. जे उरलंय ते नीट नजर आणि हात मागणारं काम आहे, त्या हारातल्या कडीसारखं. ते स्वस्तात विकणं म्हणजे उरलेलं एकमेव भांडवलही घालवणं.

हा वाद मला नवा नाही. वीसेक वर्षांपूर्वी ‘घरबसल्या टायपिंग करा, हजारो कमवा’ अशा जाहिराती यायच्या. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग हजारो पानं टाइप करा, मग ‘अचूकता कमी भरली’ म्हणून मोबदला नाही, आणि वर वकिलाची नोटीस. तेव्हाही आम्ही काहीजण ओरडत होतो. तेव्हाही आम्हाला सांगितलं गेलं की तुम्ही पोरांचं मन खच्ची करता, ज्याला मेहनत करायची त्याला सगळं जमतं. नोटिसा घेऊन पोरं वकिलांच्या दारात उभी राहिली तेव्हा हे उत्साह वाढवणारे कुठे होते? आताचे बाजार तसे लबाड नाहीत, पण ‘जमलं नाही तर दोष तुझा’ हे वाक्य तेच आहे.

दुसरा एक दाखला हमखास येतो: विप्रोचा. अमळनेरला सुरू झालेली कंपनी जगात गेली, मग तुम्ही का नाही? अमळनेरचा अभिमान मलाही आहे. पण २९ डिसेंबर १९४५ला तिथे जी कंपनी स्थापन झाली तिचा धंदा वनस्पती तुपाचा होता, आणि संगणकाकडे ती वळली १९८०च्या आसपास. तीन दशकांहून जास्त काळ माल विकून, पैसे घेऊन, ती उभी राहिली. तुपाचे पहिले डबे फुकट वाटून नव्हे. हा दाखला माझ्या बाजूचा आहे.

मग सुरुवात करायची कशी? माझं उत्तर साधं आहे, आणि त्याला सहा महिन्यांची हमी नाही. पहिलं गिऱ्हाईक इथेच शोधा आणि त्याच्याकडून पूर्ण पैसे घ्या. जळगावच्या सराफ बाजारात रोज नवे दागिने येतात आणि त्यांचे फोटो लागतात. डाळ मिलवाल्यांना, चटईवाल्यांना, परदेशी केळी पाठवणाऱ्यांना इंग्रजी माहितीपत्रक आणि खोक्यावरचं लेबल लागतं. त्यांचं काम करा, बिल द्या, आणि काम आवडलं तर काय आवडलं ते चार ओळींत लिहून घ्या. ही तुमची सविस्तर ग्वाही. मग ऑनलाइन प्रोफाइलवर ‘ग्राफिक डिझायनर’ असं मोघम लिहू नका. त्या नावाची गर्दी इतकी आहे की अपवर्क कधीकधी प्रोफाइलच नाकारतं. ‘दागिन्यांच्या फोटोंचं रिटचिंग’ एवढंच लिहा आणि आधीचा-नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. साक्री रोडच्या त्या मुलीला मी हेच सांगितलं. अर्ज थोडे करा, पण पहिल्या दोन ओळी गिऱ्हाइकाच्या कामाबद्दल असू द्या, स्वतःबद्दल नव्हे. ठरलेल्या रकमेच्या कामात टप्प्याचे पैसे त्याने आधी कंपनीकडे जमा केल्याशिवाय फाइल उघडू नका. काम सोपवल्यावर चौदा दिवस तो गप्प राहिला तर ते पैसे आपोआप तुमचे होतात. आलेल्या डॉलरचा पर्पज कोड, म्हणजे ते कशापोटी आले हे सांगणारा कोड, बँकेत बरोबर लावून घ्या आणि प्रत्येक जमेचा कागद जपून ठेवा. स्वतःचं खातं दुसऱ्याला भाड्याने देऊ नका, कितीही पैसे देऊ केले तरी. ओळख पटवणीत सापडलं की ते कायमचं बंद. आणि पहिलं वर्ष हातातली नोकरी किंवा दुकान सोडू नका.

कॉलेजांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशा वक्त्याला बोलवाल तेव्हा व्याख्यानाआधी त्याला स्वतःचं प्रोफाइल सभागृहातल्या पडद्यावर उघडायला सांगा. शेवटचं काम कधी केलं, किती डॉलरला केलं, गिऱ्हाइकाने काय लिहिलं, हे पोरांना वाचू द्या. त्याची कमाई काम करून होते की कोर्स विकून, हेही तिथेच विचारा. आणि तो फुकट काम करायला सांगत असेल, तर त्या व्याख्यानाचं मानधन किती ठरलंय तेही फळ्यावर लिहा.