ओल्या पुठ्ठ्याला भाव नसतो

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रस्ताव आला. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या यापुढे ॲपवरून विकायच्या. मुलगा दारात येतो, डिजिटल काट्यावर वजन करतो, पैसे लगेच यूपीआयवर. त्यातून गणपतीची वर्गणी भागेल. तासाभरात चाळीसेक अंगठे वर. ‘मग कचरा नेणाऱ्या मावशींचं काय?’ असं मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘त्यांचा काय संबंध? महिन्याचे पैसे देतो की आपण.’

संबंध आहे, आणि तो इतिहासात नोंदलेला आहे. पुण्यात 1993 साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तोवर या बायका उकिरड्यांवर आणि कुंड्यांत हात घालून माल वेचत होत्या आणि वर चोर म्हणून शिव्या खात होत्या. 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि दारोदारचा कचरा गोळा करणं हे त्यांचं रीतसर काम झालं. या व्यवस्थेत कमाईचे भाग दोन. एक, घरटी मिळणारं शुल्क. दुसरा, सुक्या कचऱ्यातल्या विकण्याजोग्या मालाचे पैसे. दुसरा भाग आहे म्हणून पहिला आपल्या खिशाला परवडतो.

आता ॲपने काय होतं? पुठ्ठा, वर्तमानपत्रं, पत्रा, बाटल्या, म्हणजे सगळी साय आपण काढून घेणार. मावशींच्या वाट्याला चिप्सची पाकिटं, डायपर आणि काल रात्रीची डाळ. वर म्हणणार, आम्ही रिसायकल करतो. स्टेटसला हिरवं पान ठेवणार.

मी हे कुठल्या उंचीवरून बोलत नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी हॅकेथॉनमध्ये ‘स्मार्ट डस्टबिन’ केला होता. वर कॅमेरा, आत मॉडेल; वस्तू टाकली की ती प्लॅस्टिक, कागद की काच ते ओळखायचं. दुसरं बक्षीस मिळालं. आमच्या ट्रेनिंग डेटातली एकही बाटली घाणेरडी नव्हती. पांढऱ्या भिंतीसमोर ठेवून, धुऊनपुसून काढलेले फोटो. खऱ्या घरातली बाटली गाठ मारलेल्या काळ्या पिशवीत, भाताखाली, अर्धवट चेपलेली असते, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. आलं असतं तर बक्षीस गेलं असतं.

मावशी तीच पिशवी उघडतात. दुधाची पिशवी मऊ लागते, बिस्किटाचं वेष्टन कडकड वाजतं. हात आणि कान मिळून प्लॅस्टिकची जात ओळखतात, आणि जात बदलली की भाव बदलतो. पाण्याच्या बाटलीचं आणि तिच्या टोपणाचं प्लॅस्टिक वेगळं. कारखान्यात तुकडे करून पाण्यात टाकले की टोपणाचे तरंगतात, बाटलीचे बुडतात. बाटलीच्या तुकड्यांचा पुढे धागा होतो. चिप्सच्या पाकिटाचं मात्र काही होत नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सोडवायचा खर्चच परवडत नाही. (ते पाकीट बनवणाऱ्यांवर वेगळा लेख लिहावा लागेल.) आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो सुटलेला त्रिकोण कोणालाच सापडत नाही, थेट गटारात जातो.

“दादा, पुठ्ठा ओला झाला की दुकानदार घेत नाही, घेतलाच तर वजन कापतो,” मावशी मला म्हणाल्या. एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. पुठ्ठा घरात कोरडाच येतो. त्याच्यावर आमटी ओततो आपण. आमच्या धंद्यात हे पोरासोरांनाही माहीत असतं: डेटा जिथे जन्मतो तिथेच तपासायचा, घाण आत शिरली की पुढे प्रत्येक पायरीवर साफसफाईचा खर्च वाढतो. कचऱ्याचंही तेच. ओलं आणि सुकं मिसळायला एक सेकंद लागतो. वेगळं करायला कोणाचा तरी अर्धा दिवस जातो.

2016 च्या नियमांनी कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी घरावरच टाकली: ओला, सुका आणि घातक असा तीन भागांत. सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायचं, हेही त्यात होतं. आपण ते वाचलं नाही, कारण कचरा दारातून गेला की आपल्यापुरता संपतो. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांपुरता तो संपला नव्हता. वर्षानुवर्षं शहराचा कचरा त्यांच्या शिवारात पडला, विहिरींचं पाणी नासलं, शेवटी त्यांनी रस्त्यावर उतरून गाड्या अडवल्या. तेव्हा आपल्याला चार दिवस वास आला.

ग्रुपवरचा एक मुद्दा मात्र मला गंभीर वाटतो. ‘असलं काम माणसाने करावंच का? मशीन आणा ना.’ मीही एकेकाळी हेच म्हणत होतो. पण नीट पाहिलं तर कोरडा पुठ्ठा, काच आणि बाटल्या टेबलावर ठेवून निवडणं, हातात मोजे, डोक्यावर पत्रा, हे कुठल्याही गोदामातल्या कामासारखं काम आहे. किळसवाणं आहे ते कोणाचं तरी पॅड कागदात न गुंडाळता डाळीत मिसळून दिलेलं. ती किळस कामातून आलेली नाही, आपल्या स्वयंपाकघरातून आली आहे. मशीन जरूर आणा. पुठ्ठ्याचे गठ्ठे दाबणारं आणा, सरकता पट्टा आणा, पण मावशींच्या शेडमध्ये, त्यांच्या संस्थेच्या मालकीचं. आपण मशीन म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या मनात मावशी नसलेलं मशीन असतं.

मी उलटा प्रस्ताव लिहून सेक्रेटरींना दिला आहे: सुका माल मावशींचाच, ओला आणि सुका वेगळा न करणाऱ्याची पिशवी त्याच्याच दारात परत, आणि तळमजल्यावरची बंद पडलेली सायकलींची खोली त्यांना माल निवडायला. खोलीच्या मुद्द्यावर भांडण होणार, मला दिसतंय. रविवारी मीटिंग आहे. विषयपत्रिकेत हा सातवा, पार्किंगच्या नंतर. तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात.